एकशे अडुसष्ट डोस

दिवाळीच्या फराळाची कढई चढली की आमच्या घरात कुणी ना कुणी खोकतंच. त्यामुळे २०२४ च्या ऑक्टोबरअखेर माझा खोकला सुरू झाला तेव्हा त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. आधी तळणाचा धूर, मग फटाके, मग भाऊबीजेच्या प्रवासातला गार वारा, अशी दर आठवड्याला नवी सबब सापडत गेली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, मग सात दिवसांच्या वेगळ्या, मग सिरप. खोकला दोन दिवस दबायचा आणि पुन्हा डोकं वर काढायचा.

मी सांगलीत एका पतसंस्थेत रोखपाल आहे. दिवसभर काचेआड बसून नोटा मोजायच्या. नोव्हेंबरात कपडे सैल व्हायला लागले तेव्हा ऑफिसातल्या दोघींनी ‘काय करतेस गं, आम्हालाही सांग की’ म्हणून विचारलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. संध्याकाळी पाचच्या सुमारास अंग कोमट लागायचं, ते मी दमणुकीवर ढकललं. रात्री उशी घामानं ओली व्हायची. डिसेंबरच्या थंडीत, पंखा बंद असताना हिला घाम कसा येतो, हा प्रश्न मला नाही, नवऱ्याला पडला. त्यानंच एक्स-रेचा हट्ट धरला.

आता कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते, खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला की सबबी शोधत बसू नका, थुंकी तपासून घ्या. मी सहा आठवडे घालवले. आणि ४,६९० रुपये. हिशेबाची सवय, म्हणून आकडा तोंडपाठ आहे: डॉक्टरांच्या चार फेऱ्यांचे ८००, औषधांचे १,९४०, रक्ततपासणी ९००, एक्स-रे ४५० आणि शेवटी छातीच्या डॉक्टरांची फी ६००. यातली पहिली दोन कलमं संपूर्ण वाया.

एक्स-रे ९ डिसेंबरला, सोमवारी काढला. पाकिटातल्या रिपोर्टात उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग असल्याचं लिहिलं होतं आणि खाली एकच शब्द, पुढे प्रश्नचिन्ह: ‘कॉक्स?’ रिक्षात बसल्याबसल्या मोबाइलवर शोधलं. रॉबर्ट कॉख हा जर्मन डॉक्टर, त्यानं २४ मार्च १८८२ रोजी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्याचं नाव आपल्याकडची डॉक्टर मंडळी पेशंटसमोर ‘टीबी’ म्हणायला नको म्हणून वापरतात, हे मला विश्रामबागच्या सिग्नलला कळलं. रिक्षावाल्यानं मागं वळून ‘ताई, पुढे घेऊ का इथंच?’ असं विचारलं तेव्हा मला उतरायचं कुठं हेच आठवेना.

त्याच संध्याकाळी छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधीच्या चिठ्ठ्या बघून कपाळाला हात लावला. त्यातलं एक अँटिबायोटिक असं होतं म्हणे, की त्यानं टीबीचा जोर काही दिवस ओसरल्यासारखा वाटतो आणि निदान मात्र लांबतं. पुढचं त्यांनी स्वच्छ सांगितलं. ‘तपासणी आणि गोळ्या सरकारी केंद्रातून घ्या. तीच औषधं, फुकट. माझ्याकडे घेतलीत तरी तुमची नोंद मला सरकारकडे करावीच लागते.’ हे मला ठाऊक नव्हतं. खासगीत गेलं की नाव कुठं जात नाही, असा आमच्या घरातला हिशेब होता. तो २०१२ पासूनच चुकीचा आहे, कारण तेव्हापासून टीबीचा प्रत्येक रुग्ण कळवणं खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झालं.

११ तारखेला सरकारी दवाखान्याच्या क्षयरोग विभागात गेले. बाहेर लिंबाखाली बाकडी, त्यावर तोंडाला रुमाल बांधलेली माणसं. तिथल्या बाईंनी दोन डब्या दिल्या. एक आत्ताची, एक उद्या पहाटेची. थुंकी द्यायची म्हणजे काय अवघड, असं वाटलं होतं. मागच्या मोकळ्या जागेत जाऊन दिली. प्रयोगशाळेतल्या दादांनी डबी उजेडात धरली आणि म्हणाले, ‘वैनी, ही लाळ आहे. बेडका पाहिजे.’ मग त्यांनीच युक्ती शिकवली: आधी साध्या पाण्यानं चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन क्षणभर रोखायचा, मग पोटापासून खोकायचं. हे बंद खोलीत किंवा संडासात करायचं नाही, उघड्यावर, लोकांपासून लांब जाऊन करायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे गच्चीत जाऊन दिलेला नमुना पहिल्या फटक्यात पास झाला. आयुष्यात कुठल्या परीक्षेत पास झाल्याचं इतकं विचित्र समाधान मला कधी वाटलं नव्हतं.

तपासणीचं यंत्र डब्याएवढं होतं. दादा हौशी निघाले. म्हणाले, ‘हे ट्रूनॅट. आपल्या गोव्यात बनतंय.’ आधी एका चिपवर जंतू आहेत का ते बघतात, असले तर दुसऱ्या चिपवर ते रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतात का ते बघतात. दाद देत नसतील तर उपचारच वेगळे आणि जास्त कडक. माझे जंतू हजर होते, पण दाद देणारे होते. १२ डिसेंबरला दुपारी हे कळलं तेव्हा मी रडले, आणि त्यात अर्धं रडू सुटकेचं होतं.

नोंदणीला अख्खी सकाळ गेली, म्हणून तेवढं जरा बैजवार सांगते. आधार कार्डाची झेरॉक्स, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, मोबाइल नंबर. वजन ४३ किलो भरलं (गणपतीत ४९ होतं). मग रक्तातली साखर आणि एचआयव्हीची तपासणी. एचआयव्हीचं नाव ऐकून मी ताडकन उभी राहिले. समुपदेशक मॅडमना याची सवय असावी. शांतपणे म्हणाल्या, ‘टीबीच्या प्रत्येक पेशंटची करतो. कलेक्टर आले तरी करू.’ दोन्ही ठीक निघालं. साखर वाढलेली असेल तर टीबी बरा व्हायला त्रास होतो, म्हणून तीही बघतातच.

घोडं अडलं बँकेच्या खात्यावर. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी सरकार पैसे देतं, निक्षय पोषण योजना. २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. माझा पगार जमा होतो आमच्याच पतसंस्थेत, आणि पतसंस्थेचं खातं या कामाला चालत नाही, आधार जोडलेलं बँकेचंच खातं लागतं. दिवसभर दुसऱ्यांची खाती सांभाळणाऱ्या बाईचं स्वतःचं एकुलतं बँक खातं चार वर्षं वापर नसल्यानं बंद पडलेलं. शिवाय त्यावर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं. केवायसीचा अर्ज, लग्नाचा दाखला, दोन फेऱ्या, आणि ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे तीनदा. पहिले ३,००० रुपये २९ जानेवारीला आले. तुमच्या घरात कुणाची नोंदणी व्हायची असेल तर खातं चालू आहे का आणि नावं जुळतात का, एवढं आदल्या दिवशीच बघून ठेवा. पैसे अडले म्हणून गोळ्या मात्र कुणी अडवत नाही. त्या १३ डिसेंबरला, शुक्रवारी, सुरू झाल्या.

एका गोळीत चार औषधं. वजनाप्रमाणे गोळ्यांची संख्या ठरते, मला तीन आल्या. रोज, एकाच वेळी, उपाशीपोटी. पहिले ५६ दिवस चार औषधांची गोळी, पुढचे ११२ दिवस तीन औषधांची. लोक सहा महिन्यांचा कोर्स म्हणतात, पण केंद्रातल्या ताई डोसच मोजतात: १६८. मला हे आवडलं. महिना म्हटलं की डोंगर दिसतो, डोस म्हटलं की रोजची एक पायरी. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी लाल पेननं फुल्या मारायला लागले.

पहिल्याच दिवशी दुपारी लघवी केशरी झाली. झेंडूच्या पाण्यासारखी. ताईंनी आधीच सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी रक्त समजून आरडाओरडा केला असता. तो रिफॅम्पिसिनचा रंग. डोळ्यांतलं पाणी आणि घामसुद्धा रंगतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी या काळात चष्माच लावावा, लेन्सवर डाग पडतात. आणि बायकांनी एक गोष्ट आवर्जून विचारावी, कारण आपण होऊन कुणी सांगेलच असं नाही: गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर या औषधानं त्यांचा असर कमी होतो, दुसरा उपाय करावा लागतो. मी विचारलं तेव्हा ताई खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाल्या, ‘बरं केलंस विचारलंस.’

दुसऱ्या आठवड्यात मळमळ सुरू झाली. सकाळी गोळ्या, साडेआठला उलटी, नऊला रिक्षा. तीन दिवस असं झाल्यावर केंद्रात फोन केला. त्यांनी गोळ्यांआधी थोडं हलकं खायची मुभा दिली. अर्धी वाटी मऊ भात, नाहीतर दोन राजगिऱ्याच्या वड्या. त्यानं निभावलं. मात्र उलट्या थांबतच नसतील, डोळे पिवळे दिसले किंवा भूक पार मेली, तर वाट न बघता जायचं, कारण या औषधांचा यकृतावर भार पडतो. रंग नीट ओळखू येईनात किंवा अंधूक दिसायला लागलं तरी तसंच. हे दोन्ही मला झालं नाही. झाली ती सांधेदुखी. जानेवारीत गुडघे आणि हातांची बोटं अशी ठणकायची की कुकरचं झाकण फिरवायला लेकीला हाक मारावी लागे. त्यातल्या एका औषधानं रक्तात युरिक ॲसिड वाढतं म्हणे. ते औषध पहिल्या ५६ दिवसांपुरतंच असतं, हे कळल्यावर मी दात-ओठ खाऊन दिवस काढले.

आता घरातलं.

सासूबाईंना आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांचे एक मामा साठ-पासष्ट वर्षांपूर्वी वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये होते. सांगली-मिरजेच्या जुन्या माणसांना हे नाव घेतलं की काय वाटतं, ते बाहेरच्यांना कळायचं नाही. ‘तिकडं नेलं’ म्हटलं की पुढचं कुणी विचारत नसे. आई काहीच बोलल्या नाहीत. रात्री जेवायला बसलो तेव्हा माझं ताट वेगळं होतं. त्याच्या कडेला खालून नेलपॉलिशचा लाल ठिपका. वाटीला एक, पेल्याला एक. माझंच नेलपॉलिश.

नवरा भडकला. मी त्याला गप्प बसवलं, कारण भांडायला माझ्यात जीव नव्हता. दुसऱ्या दिवशी ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, ताट-वाटी-कपड्यांनी टीबी पसरत नाही, खोकल्यातून हवेत पसरतो. भांडी वेगळी करण्यापेक्षा खिडक्या उघड्या ठेवा, तोंडाला मास्क लावा, पहिले काही आठवडे मुलीला जवळ घेऊन झोपू नका. औषधं लागू पडली की पंधरा-वीस दिवसांत संसर्गाचा धोका खूपच उतरतो. मी हे घरी येऊन सांगितलं. आई म्हणाल्या, ‘असेल. पण आमच्या मामीनं ताट वेगळं ठेवलं होतं, म्हणून ती वाचली.’ यावर काय बोलणार? मग मी खिडक्या उघडल्या, त्यांनी ठिपका ठेवला. डिसेंबरची थंडी, सगळे घरात स्वेटर घालून.

झोपायचं मात्र मला जड गेलं. लेक नऊ वर्षांची, अजून माझ्या अंगावर पाय टाकूनच झोपणारी. ती आजीपाशी, मी हॉलमध्ये खिडकीखाली. रात्री ती दारात येऊन विचारायची, ‘आता किती डोस झाले?’ मी आकडा सांगायचे. ‘मग वीस झाले की येऊ?’ तिला वीस हा आकडा कुणी सांगितला देव जाणे. विसावा डोस १ जानेवारीला होता. त्या रात्री ती उशी घेऊन हजर. मी खोकल्याचं आणि तापाचं ताईंना आधीच विचारून ठेवलं होतं, दोन्ही थांबलं होतं. मास्क लावून घेतलं जवळ.

घरातल्या तिघांचेही एक्स-रे झाले, तेही फुकट. कुणाला काही निघालं नाही. तरी टीबी होऊ नये म्हणून तिघांना प्रतिबंधाचं औषध दिलं, आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे. आम्ही रविवार ठरवला. रविवारी आमच्याकडे नाश्त्याला पोहे आणि गोळ्या. आई पहिल्या रविवारी अडून बसल्या, ‘मला काय धाड भरलीय?’ नातीनं त्यांच्यासमोर आपल्या गोळ्या गटागटा गिळून दाखवल्या तेव्हा त्यांनी निमूटपणे हात पुढे केला.

ऑफिसात मी आधी ‘न्यूमोनिया’ सांगितलं. डॉक्टरांच्या दाखल्यावर पुन्हा तोच ‘कॉक्स’ शब्द होता, आणि आमच्या साहेबांनी त्याचा अर्थ विचारला नाही. तीन आठवडे रजा मिळाली, त्यातले अकरा दिवस बिनपगारी. (आमच्याकडे ईएसआय, म्हणजे कामगार विमा, नाही. तुमच्याकडे असेल तर तिथं चौकशी जरूर करा. लांबच्या आजारांसाठी त्यांची वाढीव रजा-भत्त्याची सोय आहे आणि टीबी त्या यादीत आहे. केंद्रात भेटलेला कुपवाड एमआयडीसीतला एक मुलगा त्यावरच घर चालवत होता.) ६ जानेवारीला कामावर गेले, मास्क लावून. गोष्ट फार दिवस लपली नाही. आमच्या गावात न्यूमोनियाचे पेशंट लिंबाखालच्या बाकड्यावर बसत नाहीत, आणि मला तिथं बसलेलं आमच्याच एका खातेदारानं पाहिलं होतं.

नोटा मोजायला काउंटरवर एक स्पंजची डबी असते. गोल, हिरवी, पाणी घातलेली. माझी आणि शेजारच्या काउंटरची मिळून एकच होती, मधोमध ठेवलेली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस जेवून आले तर डबी माझ्या बाजूला सरकवलेली आणि शेजारी नवी, निळी. शेजारीण मान खाली घालून व्हाउचर लावत होती. पंधरा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलेल्या. मी काही बोलले नाही. साहेबांना मात्र त्या दिवशी खरं सांगून टाकलं. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘माझ्या भावालाही झाला होता. घरात अजून कुणाला माहीत नाही.’

संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, म्हणजे २०२५ मध्ये ४ फेब्रुवारीपर्यंत. मला तीन घरची बोलावणी आली आणि गल्लीतल्या दोन घरची, जी दरवर्षी येतात, आली नाहीत. त्यातल्या एकीनं वाण मात्र पाठवलं, मुलाच्या हाती, पिशवीत घालून दाराच्या कडीला अडकवून. आत स्टीलची गाळणी होती. मी ती रोज वापरते. रागावून काही उपयोग नव्हता, आणि तिचंही बरोबर होतं असं मला अजून वाटत नाही.

६ फेब्रुवारीला ५६ डोस संपले. पुन्हा थुंकीची तपासणी, या वेळी निगेटिव्ह. वजन ४६. गोळी बदलली, चार औषधांची तीन झाली आणि दोन-तीन आठवड्यांत सांधे मोकळे झाले. कुकरचं झाकण माझं मी उघडलं.

आणि इथून पुढे खरी पंचाईत. खोकला नाही, ताप नाही, भूक सपाटून लागतेय, आणि तरीही ११२ दिवस रोज तीन गोळ्या. आजारी असताना गोळी आधार वाटते, बरं वाटायला लागलं की तीच कटकट. बाकड्यावर भेटणाऱ्यांपैकी दोघं याच सुमारास दिसेनासे झाले. एकाला मी फोन केला तर म्हणाला, ‘ताई, मी ठणठणीत आहे, आता उगाच कशाला?’ मी त्याला माझ्यापरीनं सांगितलं, अर्धवट सोडलं तर राहिलेले जंतू औषधाला दाद द्यायचे बंद होतात. तो ‘हो, हो’ म्हणाला. नंतर केंद्रातल्या पर्यवेक्षकांनी त्याच्या घरी चकरा मारल्या असं ऐकलं. तो परत आला का, मला माहीत नाही.

मार्चात एक मुलगी भेटली. विशीतली, ओढणीनं डोळ्यांपर्यंत तोंड बांधलेली. तिला मानेतल्या गाठींचा टीबी होता, जो खोकल्यातून पसरतही नाही. सोबत आई. आई ताईंना विनवत होती, ‘गोळ्या घरी नका आणून देऊ, आशाताईंना गल्लीत पाठवू नका, मेमध्ये लग्न आहे.’ ताई म्हणाल्या, ‘मग इथं येऊन न्यायच्या, चुकवायच्या नाहीत.’ मुलगी तेवढ्यात माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, ‘नवऱ्याला सांगितलंय मी. आईला माहीत नाही.’ नवरा म्हणजे होणारा. मला इतकं हसू आलं की मास्कच्या आत गाल दुखले.

२४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन. केंद्रात रांगोळी, नर्सिंगच्या मुलींची फेरी, भाषणं, चहा-बिस्किट. ‘बरे झालेले रुग्ण’ म्हणून फोटोला उभं राहायला मला बोलावलं. मी म्हटलं, अजून सहासष्ट डोस बाकी आहेत. खरं कारण ते नव्हतं, फोटो उद्याच्या पेपरात येणार होता. एवढं धाडस तेव्हा नव्हतं. त्या दिवशी तूरडाळ, शेंगदाणे आणि तेलाची एक पिशवी मिळाली, कुणा ‘निक्षय मित्रा’नं दिलेली. हे मित्र म्हणजे रुग्णांच्या खाण्यापिण्याची जबाबदारी घेणाऱ्या व्यक्ती किंवा संस्था, २०२२ पासूनची योजना आहे. शेंगदाण्यांचे लाडू झाले. आईंनी केले.

ताटाचं म्हणाल तर त्याचा निकाल गुढीपाडव्याला लागला. ३० मार्च, नणंद आणि तिच्या घरचे सहा जण जेवायला. ताटं कमी पडली. आईंनी मांडणीतून ठिपक्याचं ताट काढलं, आमटीची वाटी ठेवली आणि जावयापुढे सरकवलं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या श्रीखंड वाढत होत्या, वर बघायला त्यांना सवड नव्हती.

एप्रिलमध्ये माझ्याकडूनच चूक झाली. १९ आणि २० तारखेला सोलापूरला भाचीचं लग्न. दागिन्यांची डबी आठवणीनं घेतली, गोळ्यांची पिशवी फ्रीजवर राहिली. दोन डोस बुडाले. सोमवारी ओशाळून केंद्रात गेले. ताई रागावल्या नाहीत, फक्त कार्डावर खूण केली आणि म्हणाल्या, ‘दोन दिवस पुढे ढकलले. आणि हे बघ, परत असं झालं तर जिथं असशील तिथल्या सरकारी दवाखान्यात निक्षय क्रमांक सांगायचा, नाहीतर मला फोन करायचा. लाजायचं नाही.’ रात्री-अपरात्री शंका आली तर १८००-११-६६६६ या फुकट नंबरवरही विचारता येतं, तो त्यांनी कार्डाच्या मागे लिहून दिला. तेव्हापासून दोन दिवसांच्या गोळ्या मी कायम पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवत गेले. पोषणाचे राहिलेले ३,००० रुपयेही त्याच महिन्यात जमा झाले होते. त्यातून अंडी, दूध आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा हापूसची पेटी. अर्धी पेटी. पूर्ण परवडली नाही.

शेवटचा डोस २९ मेऐवजी ३१ मेला, शनिवारी झाला. कालनिर्णयच्या त्या चौकोनात लेकीनं फुलीऐवजी चांदणी काढली. २ जूनला थुंकी दिली, या वेळी डबी पहिल्याच प्रयत्नात पास, कारण खोकला नसताना बेडका काढायची कला आता मला अवगत होती. वजन ५०.५. दोन दिवसांनी निगेटिव्हचा रिपोर्ट आला आणि ताईंनी कार्डावर ‘बरा’ असं लिहिलं. मी म्हटलं, ‘बरी लिहा की.’ त्या म्हणाल्या, ‘रोग बरा झालाय. तू तर आधीपासून बरीच होतीस.’

दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, तपासायला यायचं आहे. पहिली फेरी नोव्हेंबरअखेर, म्हणजे पुन्हा दिवाळीच्या फराळानंतरच. कढईपाशी कुणी खोकलंच तर पहिली डबी मीच हातात देणार आहे. दोन रिकाम्या डब्या मागून आणल्यात, देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात आहेत.